साडूची युनो

मी समीक्षक नाही. पनवेलमधल्या एका बँकेत गेली वीस वर्षं काउंटरवर बसतो. बी.कॉम. आहे, तोही सेकंड क्लास. सौंदर्याशी माझा व्यावसायिक संबंध एवढाच, की खरी नोट कुठली आणि खोटी कुठली हे माझ्या बोटांना कळतं. तरीसुद्धा हा लेख समीक्षेचा आहे. पुस्तकाची समीक्षा नव्हे, नाटकाची नव्हे; बंगल्याची.

बंगल्याची समीक्षा कुणी लिहीत नाही, याचं मला नेहमी नवल वाटत आलेलं आहे. दीडशे रुपयांच्या कवितासंग्रहावर लोक पानंच्या पानं खरडतात आणि साठ लाखांच्या बंगल्यावर चार ओळी लिहायला कुणी तयार नाही. वास्तुशांतीला जायचं, श्रीखंड-पुरी हाणायची, यजमानाच्या पाठीवर थाप मारून "झकास झालंय हो!" म्हणायचं आणि परतीच्या रिक्षात बसलं, की खरं बोलायला सुरुवात करायची, अशी आपली रीत. हा लेख म्हणजे ते रिक्षातलं बोलणं आहे असं समजा.

बंगला आमच्या साडूचा. साडू हे एक चमत्कारिक नातं आहे. एकाच सासऱ्याच्या पेढीवर दोन वेगळी खाती उघडलेले हे दोन खातेदार. दुसऱ्याला आपल्यापेक्षा व्याज जास्त मिळतं, असं दोघांनाही मनातून वाटत असतं. त्यामुळे साडूच्या बंगल्याबद्दल लिहिताना माझी लेखणी निष्पक्ष राहील, अशी हमी मी देत नाही. बँकेत राहून एक शिकलो. ज्याची हमी देता येत नाही, त्याच्यावर सही करू नये.

पण सही मी केलेली आहे. ते पुढं येईलच.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की पळस्पे फाट्यानंतर शिरढोण येतं. वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म इथला, १८४५ सालचा. तिथून पुढं गेलं, की आभाळात अंगठा दाखवत कर्नाळ्याचा सुळका उभा राहतो. इंग्रजांना त्यात नाक दिसलं नाही, अंगठा दिसला नाही. त्यांना दिसलं फनेल, आणि त्यांनी त्याला 'फनेल हिल' म्हणून टाकलं. ज्याला जे हवं ते त्यानं पाहावं. पायथ्याला पक्षी अभयारण्य आहे, १९६८ सालचं. त्याच्या हद्दीबाहेर, पण सुळका ओट्यावरून दिसेल इतक्या जवळच्या एका गावात माझ्या सासऱ्यांचं घर होतं.

'होतं' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे.

मंगळुरी कौलांचं बैठं घर. पुढं ओटी, ओटीवर झोपाळा, मागं पडवी, मधे माजघर. माजघरात उरणच्या नक्षीदार लाद्या. दारावर शिसवी गणेशपट्टी. भिंतीत कोनाडे, कोनाड्यात दिवे, खुंट्यांवर सासऱ्यांची टोपी आणि छत्री. सासरे गेले. मुलगा नाही, दोन मुली. धाकटीच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या साडूनं, घर बांधायची तयारी दाखवली. सासूबाईंनाही त्यांच्याकडेच राहायचं होतं. आमच्या सौ.नं हक्कसोडपत्रावर सही केली. साक्षीदार म्हणून मी केली. कर्जाचा अर्ज आमच्याच शाखेत आला आणि तो मीच भरून घेतला. कागद वाचणं हा माझा धंदा. मी प्रत्येक ओळ वाचली. सगळं चोख होतं.

वर्षभरानं, डिसेंबरात, वास्तुशांत झाली.

पहिलं वाचन

साडू आम्हाला बंगला दाखवायला घेऊन निघाले ते एखाद्या पर्यटन कंपनीच्या गाइडसारखे. "या भाऊ. हे इटली."

मी चपला काढून इटलीत शिरलो. समोर दोन खांब. खांबांच्या डोक्यावर पानांचे गुच्छ. भिंत आणि छत जिथं भेटतात तिथं चहूकडून पांढरी कॉर्निस, तिच्यावरही पानं, आणि पानांखाली दातांची ओळ. मी खांबाला सहज टिचकी मारली. आतून पत्र्याच्या रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. खोटी नोट ओळखायची सवय, दुसरं काय! खांब प्लास्टर ऑफ पॅरिसचे. म्हणजे मूळ कल्पना ग्रीसची, नमुना रोमचा, मालाचं नाव पॅरिसचं, आणि त्यातला जिप्सम बहुधा राजस्थानचा. खाली 'इटालियन' फरशी. ती मोरबीची, हे साडूंनीच अभिमानानं सांगितलं. "ओळखूच येत नाही ना?"

नाही म्हटलं. इटलीला येत असेल.

तिथून आम्ही इंग्लंडात गेलो. हे जेवणघर. कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंतीला लाकडी तावदानं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. लाकूड नव्हे, एमडीएफ. म्हणजे लाकडाचा भुसा आणि भारतीय माणसाचा विश्वास, दोन्ही एकत्र दाबून केलेली फळी. आणि भिंतीत चक्क शेकोटी! विजेची. बटण दाबलं, की खोट्या ओंडक्यांवर खोट्या ज्वाळा. त्या दिवशी डिसेंबर होता आणि पंखा तीनवर होता. साडूंनी एसी अठरावर आणला आणि मग शेकोटी लावली. आम्ही सगळे पाच मिनिटं इंग्रजांसारखे तिच्याकडे बघत बसलो. वीजबिलाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खर्च टाकणारी ही नोंद माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत पहिलीच.

वरच्या मजल्यावर स्कँडिनेव्हिया. सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, पलंग पांढरा, आणि खिडकीतून कोकणातलं ऊन. मी डोळे मिटून घेतले. साडूंना वाटलं, मला शांतता लाभली. पलीकडे मोरोक्को, म्हणजे जिन्यापाशी लटकवलेले जाळीचे दिवे. गच्चीवरच्या खोलीत जपान. जपानात खुर्च्या नव्हत्या, जमिनीवर बसायचं होतं. त्यासाठी एवढं लांब कशाला यायचं, असं सौ. म्हणाली, पण हळू.

एका बंगल्यात सहा-सात राष्ट्रं इतक्या गुण्यागोविंदानं नांदताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. युनोला हे जमलेलं नाही.

"आणि आईंची खोली?" मी विचारलं.

"खाली, मागे. गुडघ्यांना जिना नको म्हणून. त्यांची मिनिमलिस्ट केलीय."

मिनिमलिस्ट म्हणजे काय, ते मी आत शिरल्यावर समजलो. एक पलंग, एक कपाट आणि चार कोऱ्या भिंती. खुंटी नाही, कोनाडा नाही, फळी नाही. भिंतीला महागडं पॅनेल, त्यामुळे खिळा ठोकायला बंदी. सासऱ्यांचा फोटो कपाटात साड्यांच्या मागे उभा केला होता. सासूबाईंनी कपाट उघडून आम्हाला तो दाखवला आणि म्हणाल्या, "आता रोज साडी काढताना भेट होते. तेवढ्यासाठी जास्त साड्या बदलते." आम्ही हसलो. त्याही हसल्या. देवघर बाहेर हॉलच्या कोपऱ्यात होतं, पण समईची काजळी छताला लागते म्हणून तिथं बॅटरीचा दिवा. युनोत सासूबाईंना सदस्यत्व नव्हतं. निरीक्षक म्हणून बसायची परवानगी होती.

परतताना रिक्षात सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काहीही म्हणा, ती छताची पट्टी छान दिसते. आपल्या हॉलला कितीशी लागेल?"

थोडं पट्टीशास्त्र

कुठल्याही समीक्षकानं आधी थोडा अभ्यास करावा म्हणतात. मीही केला; लोकलमध्ये उभ्यानं, पनवेल ते वाशीच्या दरम्यान. त्यातून मला एक गोष्ट कळली आणि ती कळल्यापासून मला कुठल्याही घरात शांत बसवत नाही. ती अशी, की या सगळ्या पट्ट्या मुळात नोकर होत्या.

कॉर्निस घ्या. मूळची कॉर्निस इमारतीच्या बाहेर असायची. भिंतीच्या पुढं यायची आणि पावसाचं पाणी भिंतीवर न ओघळू देता लांब टाकायची. आपल्या वळचणीची ही दगडातली बहीण. तिच्याखालचे ते दात? व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापत्यकारानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, की दगडी देवळांवरचे हे दात म्हणजे जुन्या लाकडी छपराच्या वाशांची टोकं. लाकूड गेलं, दगड आला, पण हात सवयीनं वाशांची टोकं कोरत राहिला. कमरेएवढी लाकडी तावदानं इंग्रजांनी लावली ती थंडगार, ओलसर दगडी भिंत अंगाला लागू नये म्हणून. भिंतीच्या मध्यावरची आडवी पट्टी खुर्चीच्या पाठीनं गिलावा खरवडू नये म्हणून. खालची स्कर्टिंग फडक्याचं घाण पाणी भिंतीला लागू नये म्हणून. स्कँडिनेव्हियातले लोक घर पांढरं करतात, कारण तिकडे हिवाळ्यात सूर्य अर्धवेळ कामगारासारखा येतो; जेवढा उजेड मिळेल तेवढा घरात खेळवायचा. प्रत्येक पट्टीला एक नेमून दिलेलं काम होतं. मस्टरवर नाव होतं.

साडूच्या बंगल्यात या सगळ्या पट्ट्या आलेल्या आहेत, पण काम मागं ठेवून. नोकराला साहेबाचा कोट चढवून त्याला हॉलमध्ये उभा केला आहे. तो पाणी भरत नाही, दार उघडत नाही. नुसता महिन्याचा हप्ता खातो.

यात मी साडूला हसतो असं नाही. माझंही तेच झालेलं आहे. २०२४ सालापासून आम्ही बँकेतले क्लार्क क्लार्क राहिलो नाही, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालो. काउंटर तेच, रांग तीच, पासबुक छापायचं मशीन तसंच अडतं. फक्त क्लार्काला कॉर्निस लागली. सौ.नं त्या दिवशी शिरा केला होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

पट्टीशास्त्राचा अभ्यास केल्यावर माणूस कट्टर स्वदेशी होतो, असं कुणाला वाटेल. मीही होत होतो. सासऱ्यांच्या घराची आठवण काढून 'आपलं ते आपलं' असा एक खणखणीत लेख लिहायचं ठरवलं होतं. पण हिशेब मांडायला बसलो आणि पंचाईत झाली.

मंगळुरी कौल आपलं म्हणतो ना आपण? कोकणातलं घर म्हटलं, की डोळ्यांपुढं तेच येतं. ते एकमेकांत अडकणारं कौल १८४१ साली फ्रान्समधल्या जिलार्दोनी बंधूंनी शोधलं आणि १८६५ साली मंगळूरला त्याचा कारखाना काढला बासेल मिशनच्या पाद्र्यांनी. त्याआधी आपल्याकडे होती कुंभाराची नळीची कौलं. माकड नाचलं, की ती घसरायची आणि दर वर्षी छपराची शाकारणी करावी लागायची. पेशवाई वाड्यातला तो डौलदार सुरूचा खांब? पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात तो आजही बघायला मिळतो. सुरू हे झाड इराणी ऐटीचं आणि खांबाची ती घडण मोगलांकडून आलेली. उरणच्या लाद्या? विलायतेहून येणाऱ्या मिंटनच्या लाद्यांना टक्कर द्यायची म्हणून १९२२ साली सिधवा या पारशी मंडळींनी स्वदेशीच्या भरात तो कारखाना काढला. म्हणजे जिद्द स्वदेशी आणि नक्षीची धाटणी विलायती. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात, १८९० साली तो पुरा झाला, दरबार हॉलच्या फरशीवर व्हेनिसचं मोझेइक आहे. सयाजीरावांना कुणी परधार्जिणे म्हटलेलं माझ्या ऐकिवात नाही.

आणि आमचा कर्नाळा! गुजरातचे सुलतान आले, निजामशाही आली, पोर्तुगीज आले. १६५७ साली शिवाजी महाराजांनी घेतला, १६६५ साली पुरंदरच्या तहात द्यावा लागला, १६७० साली परत घेतला. पुढं १८१८ साली इंग्रज. दरवाज्यापाशी मराठी लेख आहे तसा फारसीही आहे. इतके लोक आले, ज्यानं त्यानं आपापल्या गरजेप्रमाणं तट बांधले, दारं बसवली. पण सुळक्याला कॉर्निस लावायचं एकाच्याही मनात आलं नाही.

तेव्हा परदेशी आलं म्हणून वाईट असं म्हणायची सोय उरली नाही. उभ्याचा ओटा परदेशीच, पण त्यानं आमच्या आईची पाठ वाचवली. साडूच्या बंगल्यातही सासूबाईंनी मनापासून स्वीकारलेली एक परदेशी वस्तू आहे: कमोड. त्यांच्या गुडघ्यांना तो वरदान आहे. तरी पाहुण्यांना बंगला दाखवताना साडू त्याच्यावरून झटकन पुढं जातात. साऱ्या युनोत जो एकटा प्रतिनिधी काम करतो, त्याची ओळख कुणी करून देत नाही.

माझा समीक्षेचा निकष त्यातूनच ठरला. आला कुठून ते विचारू नये. काय करतो ते विचारावं. आणि आला तेव्हा कुणाला उठवून बसला, तेही विचारावं.

दुसरं वाचन

चांगली कलाकृती पहिल्या वाचनात कळत नाही, असं जाणकार सांगतात. दुसरं वाचन मी श्रावणात केलं. सासूबाईंची सत्यनारायणाची पूजा होती.

कर्नाळ्याचा पाऊस हा फार कडक ऑडिटर आहे. आयकराच्या हिशेबात फर्निचर-फिटिंगवर वर्षाला १० टक्के घसारा धरतात. पावसानं जूनमध्येच दफ्तर उघडलं होतं. इंग्लंडातली तावदानं ओल पिऊन टम्म फुगली होती. जेवणघराचं दार लागत नव्हतं आणि लागलं तर उघडत नव्हतं. स्कँडिनेव्हियाच्या पांढऱ्या भिंतीवर बुरशीनं हिरवी बेटं काढली होती. मोरोक्कोला गंज चढला होता. बंगल्याला छज्जे नव्हते, कारण इटलीच्या चित्रात छज्जे नव्हते. गच्चीला ग्रीक कठडा होता. त्याच्या पायाशी अभयारण्यातला पाचोळा साठून पाण्याची वाट बंद झाली होती. वळचणीचं पाणी आढ्याला जातं, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. प्रत्यक्ष जाताना तिथं पाहिलं. वळचणच नाही म्हटल्यावर पाण्यानं जायचं तरी कुठं?

चौरंग मांडला इटलीत. भटजी अजून यायचे होते. मी खाली बसून केळीचे खांब बांधत होतो. एवढ्यात वरून 'थप्' असा आवाज आला आणि कॉर्निसचा फूटभर तुकडा प्रसादाच्या पातेल्यापासून वीतभर अंतरावर पडला. त्यावर एक अख्खं पान होतं.

या पानाचीही एक गोष्ट त्याच व्हिट्रुव्हियसनं सांगितली आहे. कॉरिंथ गावात एक मुलगी वारली. तिच्या दाईनं तिच्या आवडीच्या लहानसहान वस्तू टोपलीत भरून टोपली थडग्यावर ठेवली, आणि पावसात भिजू नयेत म्हणून वर एक कौल झाकलं. वसंतात टोपलीभोवती अकँथसचं झुडूप वाढलं, त्याची पानं कौलाला अडून वळली. एका शिल्पकारानं ते पाहिलं आणि तसाच खांब घडवला. त्या पानाच्या कुळातलंच एक काटेरी झुडूप आपल्या खाडीतल्या खारफुटीत वाढतं. मारांडी म्हणतात त्याला. एवढ्या लांबून पान आणलं, पण त्याच्यावरचं कौल विसरले.

तेवढ्यात वीज गेली. कोव्ह लाइट गेले, एसी गेला, बॅटरीचा दिवा होता त्याचे सेल गेलेले. हॉलच्या खिडक्या न उघडणाऱ्या, काचेच्या. पाच मिनिटांत इटलीत जीव घुसमटायला लागला. आणि मग काय झालं सांगतो. कुणी कुणाला म्हटलं नाही, पण एकेक माणूस उठून मागच्या बाजूला चालायला लागलं.

मागं जुन्या घराची पडवी उरलेली होती. घर पाडताना कंत्राटदारानं सिमेंट ठेवायला तेवढी राहू दिली होती. नंतर पाडायची होतीच, पण सासूबाई दर वेळी "लाकडं संपू देत" म्हणून तारीख पुढं ढकलायच्या. वर तीच मंगळुरी कौलं. खाली शेणानं सारवलेली जमीन. एक बाज. भिंतीत कोनाडा, कोनाड्यात खरी समई, आणि खुंटीला सासऱ्यांचा दुसरा फोटो. सासूबाईंचा मुक्काम हल्ली दिवसभर इथंच असतो, हे मला त्या दिवशी समजलं. कौलांवर पाऊस वाजत होता, पागोळ्या चार हातांवर पडत होत्या आणि आत एक थेंब नव्हता. सगळं राष्ट्रसंघ तिथं मांडी घालून बसलं.

सासूबाई समईची वात सारखी करत म्हणाल्या, "जावईबापू, एक विचारू का? तुम्ही सगळे कागद वाचले होते ना?"

"हो आई. प्रत्येक ओळ."

"त्यात ओटी जाणार असं लिहिलं होतं का हो?"

त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. पासबुकातली एखादी नोंद समजली नाही म्हणून म्हाताऱ्या बायका काउंटरवर विचारतात ना, तसा होता. आणि मी वीस वर्षांत पहिल्यांदा काउंटरच्या अलीकडे बसून निरुत्तर झालो. अर्जात बांधकामाचं क्षेत्रफळ होतं. मजले होते. अंदाजपत्रक होतं, त्यात कॉर्निसचे रनिंग फूटसुद्धा होते, दोनशे चाळीस. ओटीचा रकाना नव्हता. संध्याकाळी दिवा लावून जिथं बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आत या' म्हणायचं आणि कुणी नाही आलं तर रस्त्याकडे बघायचं, त्या जागेला फॉर्ममध्ये नाव नव्हतं. मी जे छापलं होतं ते वाचलं. नव्हतं ते वाचायला हवं होतं.

साडू बाजेच्या कडेला बसले होते. ते सगळं ऐकत होते. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "भाऊ, तुम्ही हसता मनातून, मला माहितेय. हसा. पण माझं लहानपण परळला गेलं, चाळीत सर्वांत वरची खोली. वर पत्रा. मे महिन्यात भाजायचं, पावसात गळायचं. मी पुस्तकावर ताट धरून अभ्यास केलाय. तेव्हा ठरवलं होतं, आपलं घर झालं ना, की वर बघितल्यावर छप्पर म्हणून दिसता कामा नये. काहीतरी वेगळंच दिसलं पाहिजे. मग त्या डेकोरेटरनं पुस्तक उघडलं, आणि मला त्यातलं सगळंच पाहिजे झालं."

खरं सांगतो, यावर समीक्षकाकडे उत्तर नसतं. दोनशे चाळीस फूट कॉर्निस कशासाठी होती, ते मला तेव्हा समजलं. म्हणजे तिलाही एक काम नेमून दिलेलं होतं. पत्रा झाकायचं. जो पत्रा या घरावर कधी नव्हताच, तो झाकायचं. आणि ते झाकताना ज्या छपरानं साठ-सत्तर पावसाळे बिनबोभाट काढले, ते उतरवलं गेलं. चूक कुणाची म्हणावी? एकानं लहानपणचं छप्पर विसरण्यासाठी सही केली, आणि एकानं सगळं चोख आहे म्हणून.

"दिवाळीनंतर पुढच्या बाजूला कौलं घालू या का, आई?" साडू म्हणाले. "कौलं ठेवलीत मी, टाकली नाहीत. उरणच्या लाद्यापण आहेत, थोड्या फुटल्यात."

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त चौरंग इकडे आणा म्हणून खूण केली. चौरंग आला, केळीचे खांब आले. आणि रांगोळीचा डबा उघडला तर रांगोळी भिजून गोळा झालेली.

मेहुणीनं कॉर्निसचा तो पडलेला तुकडा टाकून देण्यासाठी पदरात आणला होता. सासूबाईंनी तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि पानाचं टोक सारवलेल्या जमिनीवर ओढून पाहिलं. पांढरी शुभ्र रेघ उठली. जिप्समच तो, शाळेतला खडू दुसरं काय असतो?

"अगंबाई, हे लिहितंय की!" त्या म्हणाल्या. आणि चौरंगापुढं वाकून त्यांनी आधी स्वस्तिक काढलं, मग चातुर्मास म्हणून गोपद्मं काढायला घेतली. एक, दोन, तीन... तेहतीस होईपर्यंत रोमचं पान निम्मं झिजलं होतं.

मी मनातल्या मनात हिशेब केला. कॉर्निसचा दर फुटाला एकशे चाळीस रुपये. रांगोळीची पिशवी बाजारात वीसला मिळते. महागच पडली. पण दोनशे चाळीस फुटांतला तो पहिला फूट, जो डोळ्यांदेखत कामावर रुजू झाला. तेवढा मी जमेच्या बाजूला धरला आहे.